शाळेतून घरी गेलेला निरोप

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात, असा रिवाज आहे. मधल्या सुट्टीतल्या बोरा-चिंचांच्या, गॅदरिंगच्या, बाकावर कोरलेल्या नावांच्या आठवणी या अंकात भरपूर असतील. संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासाचा विषय सोपवला, म्हणून मी आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलेला एक लहानसा विषय घेतला आहे. शाळेत काही बरेवाईट घडले, वर्गात मारामारी झाली, कोणाला इजा झाली, कोणाशी वाईट वागणूक झाली, तर ते घरी कसे कळत असे? कोण कळवत असे? आणि काय कळवले जात नसे? अमरावती-अकोल्याच्या परिसरात या निरोपाचा प्रवास शंभराहून अधिक वर्षांचा आहे आणि तो अजून पुरा झालेला नाही.

मास्तर, डिपटी आणि पालक

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यापूर्वीची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात ती भरे. पंतोजी गावातच राहत, धान्याच्या रूपाने मोबदला घेत आणि आठवडी बाजारात पोराच्या बापाला भेटत. तिथे निरोप पाठवण्याची वेळच येत नसे. पोराने काय केले आणि पंतोजींनी त्याला काय केले, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक होई.

सरकारी शाळा आल्या आणि हे बदलले. मास्तर बदलीवर येऊ लागले. तपासणीला डिपटी इन्स्पेक्टर येऊ लागला, ज्याला आपल्याकडची जुनी माणसे ‘डिपटी साहेब’ म्हणत. शेरेबुक, हजेरीपट, निकालपत्रक हे सारे वरच्या कचेरीसाठी लिहिले जाऊ लागले. शाळा उत्तरदायी झाली ती वर, साहेबाला. खाली, घराकडे, उत्तर देण्याची तिला गरज उरली नाही. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, तरी ही दिशा बदलली नाही.

वर्गातला ‘गोंधळ’ आणि पालक यांचा संबंध कसा होता, याचे त्या काळातले ठळक उदाहरण नागपूरचे आहे आणि त्याचा शेवट अमरावतीत होतो. १९०७ मध्ये विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये म्हणून सरकारने रिस्ले सर्क्युलर काढले. त्याच सुमारास नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरांचे स्वागत मुलांनी वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’च्या घोषणेने केले. शिक्षा म्हणून मुलांना शाळेबाहेर काढण्यात आले. पुढे पालक मध्ये पडले, समेट झाला आणि माफीची खूण म्हणून नुसती मान हलवून बहुतेक मुले वर्गात परतली. ज्यांनी नकार दिला त्यांत केशव हेडगेवार होते. त्यांचे नाव काढले गेले, ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत, विद्यागृहात, गेले. ती शाळाही सरकारी रोषामुळे टिकली नाही. अखेर त्यांनी प्रवेश परीक्षा दिली ती अमरावती केंद्रातून. हा प्रसंग आपण स्वातंत्र्य चळवळीचा म्हणून वाचतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. पालकांचा उपयोग झाला तो पोरांना माफी मागायला लावण्यासाठी. शाळेने त्यांना विश्वासात घेणे, हा विचारच त्या व्यवस्थेत नव्हता.

पोस्टकार्ड आणि प्रगतिपुस्तक

१९३२ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांची मुले हायस्कूलकडे वळू लागली. दर्यापूर, अंजनगावची मुले शकुंतला गाडीने मूर्तिजापूरकडे निघाली. अकोट, तेल्हारा, पातूरची मुले अकोल्यात खोली करून राहू लागली. मोर्शी, वरुडची मुले अमरावतीच्या वसतिगृहांत आली. शाळा आणि घर यांच्यात प्रथमच चाळीस-पन्नास मैलांचे अंतर पडले. मुलाचे काय चालले आहे, हे बाजारात कळण्याची सोय संपली.

मग निरोपाची साधने आली. पोस्टकार्ड आले, प्रगतिपुस्तक आले आणि ‘उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नको’ हा तोंडी हुकूम आला. आपल्यापैकी ज्यांनी १५ पैशांचे पोस्टकार्ड पाहिले आहे, त्यांना त्यावरचा मजकूर आठवेल. आपला पाल्य सतत गैरहजर असतो. फी थकली आहे. सहामाहीत तीन विषयांत नापास आहे. वर्गात दंगा करतो. घरी बाप निरक्षर असला, तर ते कार्ड वाचून दाखवणारा घरातला एकमेव साक्षर माणूस म्हणजे खुद्द तो पाल्यच. किती कार्डांचा मजकूर त्या वाचनात बदलला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही! प्रगतिपुस्तकावरचा अंगठा तर कोणाचाही चालून जाई.

हसण्याची गोष्ट बाजूला ठेवली, तर त्या कार्डांत एक सातत्य दिसते. शाळेतून घरी जाणारा निरोप हा मुलाच्या चुकीचा निरोप असे. छताचे पोपडे वर्गात पडले, प्रयोगशाळेत ॲसिड सांडले, विहिरीजवळ मुले खेळतात, मोठ्या वर्गातली मुले लहानांना छळतात किंवा एखाद्या मास्तरांचा हात जरा जास्तच उठतो, असे कार्ड कोणाच्या घरी आल्याचे ऐकिवात नाही. पालकही ते मागत नसत. ‘गुर्जी, मारा पण पोट्टं शिकलं पाहिजे’ असे सांगूनच बाप पोराला वर्गात सोडून जाई. घरी मार सांगितला, तर दुसरा मार मिळे. म्हणून आपण सांगत नसू. हे म्हणताना आपल्या शिक्षकांविषयीचा आदर तिळभर कमी होत नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी पदरच्या पैशांनी मुलांची फी भरली, तापाने फणफणलेल्या मुलाला सायकलवर बसवून गावी पोचवले. पण ते त्यांच्या मनाचे मोठेपण होते. शाळेच्या व्यवस्थेत तशी जागा नव्हती आणि मोठ्या मनाचे गुरुजी बदलून गेले की मागे काही उरत नसे.

कायदा घराकडे वळतो

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा प्राथमिक शाळा पाहू लागल्या. शाळा गावोगाव पोचल्या, पण निरोपाची रीत तीच राहिली. ती बदलायला नवे शतक उजाडावे लागले आणि बदल घडवला तो दुःखद घटनांनी.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेचे आदेश दिले. सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलाच्या शिक्षणहक्काचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या छपऱ्याजवळ शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. आज आपल्या गावातल्या शाळेत खिचडी वाढण्याआधी ती चाखून चव रजिस्टरमध्ये सही का करतात, हे ज्यांना कळत नाही, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. २१ व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. खाजगी शाळांसाठी राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला. ‘डिपटी साहेबां’च्या काळापासून वर पाहणाऱ्या शाळेला पहिल्यांदाच सांगितले गेले, की खाली, घराकडेही पाहा.

सर्वात कडक तरतूद १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाली. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. २१ व्या कलमात न कळवणाऱ्याला शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर ती एक वर्षापर्यंतची कैद आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे कारण आता कारण राहिले नाही. तो अपराध झाला.

निरोप आणला तो मुलींनी

कायदा झाला म्हणून शाळा बोलू लागल्या का? आपल्याच भागातल्या घटना पाहू.

२०१६ च्या दिवाळीत बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेतल्या आदिवासी मुली सुट्टीसाठी घरी गेल्या. तिथे एका मुलीने घरच्यांना आपल्यावरच्या अत्याचाराविषयी सांगितले आणि प्रकरण बाहेर आले. संस्थेशी संबंधित माणसांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, शाळेची मान्यता गेली.

२०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरील अत्याचार उघड झाले. तिथल्या मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरांनी माहिती असूनही ती कळवली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, कारण त्यातून अपराध्याला पाठीशी घातले जाते, असे न्यायालयाने बजावले. विदर्भातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणातला हा निकाल आज देशभर लागू आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. मुलींनी घरी सांगितले. तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवले नाही, हा प्रश्न विचारला. शाळा चालवणाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. या प्रकरणाच्या तपास पथकाच्या प्रमुख आरती सिंह या अमरावतीच्या माजी पोलीस आयुक्त, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

त्याच आठवड्यात अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षकाला अटक झाली. सहा विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याचा आरोप होता. मुलींनी आधार शोधला तो १०९८ या क्रमांकाचा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही चाइल्डलाइन. खेड्यातल्या पोरींना तो क्रमांक माहीत होता, म्हणून त्यांचे म्हणणे पोचले.

या घटना एकत्र ठेवल्या, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. खामगाव, बदलापूर, बाळापूर या तिन्ही ठिकाणी निरोप आणला तो मुलींनी. पोस्टकार्ड, प्रगतिपुस्तक, पालकसभा, संदेश, ॲप ही सारी साधने शाळेच्या हाती होती. तरी सर्वात कठीण गोष्ट सांगण्याचे काम सर्वात लहान जिवावर पडले.

शाळा गप्प का राहते

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. या अंकाच्या वाचकांत आपले शिक्षक आहेत आणि आपल्यापैकी काही जण स्वतः शिक्षक, मुख्याध्यापक किंवा संस्थेचे सभासद आहेत. त्यांची बाजूही पाहिली पाहिजे.

आज शाळेतली पदे संचमान्यतेवर ठरतात. पटसंख्या घटली, की तुकडी जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. दर जूनमध्ये गुरुजी घरोघर फिरून मुले गोळा करतात, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते. अशा वेळी ‘आमच्या शाळेत असे घडले’ हे सांगणे म्हणजे पुढच्या वर्षीचे प्रवेश शेजारच्या शाळेला देण्यासारखे वाटते. शिवाय भीती असते. पालक एकटे येत नाहीत, पुढाऱ्याला घेऊन येतात. मोबाइलवर चित्रण होते, ते अर्ध्या तासात जिल्हाभर फिरते आणि चौकशीच्या आधीच निकाल लागतो. मग मुख्याध्यापक ‘पाहू, मिटवू’ म्हणतात. पण मिटवलेली गोष्ट मिटत नाही. ती फक्त शाळेच्या हातातून सुटते आणि अफवेच्या हाती जाते.

बदलापूरनंतर राज्य सरकारने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या निर्णयात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती अशी यादी आहे आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन आहे. यातले काही नवे नाही. तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा आहे, सखी सावित्री समितीचा २०२२ चा. पुढे उच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि तिने शाळांसाठी सविस्तर शिफारशी केल्या. आदेश कमी नाहीत. पण ‘२४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना’ हे शब्द वाचताना जुनी वाट ओळखीची वाटते. निरोप पुन्हा वरच चालला आहे. घरी तो कधी आणि कसा जावा, हे शाळेलाच ठरवायचे आहे.

काय कळवायचे, किती कळवायचे

कोविडच्या काळात खेड्यापाड्यांतही वर्गाचा व्हॉट्सॲप गट तयार झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा शाळेचा सारा व्यवहार त्यावरूनच चालला. आज घटना घडल्यापासून दहा मिनिटांत कोणीतरी गटावर लिहिते, ‘शाळेत काय झाले म्हणे?’ मुख्याध्यापकांचा खुलासा दुसऱ्या दिवशी येतो. मधली रात्र अफवेची.

गटावर सारी भिस्त ठेवणेही धोक्याचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद झाले होते. ज्या दिवशी निरोपाची गरज सर्वाधिक, त्याच दिवशी गट मुका होऊ शकतो. मेळघाटात तर आणखी एक अडचण आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू आई-बापाला मराठीतला लेखी संदेश पोचला, तरी कळेलच असे नाही. तिथे कोरकू बोलणारा माणूस घरी गेला पाहिजे. पोस्टकार्डाच्या काळातला प्रश्न, ‘वाचून कोण दाखवणार?’, अजून जिवंत आहे.

दुसरी बाजू गोपनीयतेची. पोक्सोच्या २३ व्या कलमाने पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई केली आहे, शाळेचे नावसुद्धा. ज्या मुलाच्या हातून चूक झाली, त्यालाही बालन्याय कायद्याने हेच संरक्षण दिले आहे. वर्गात एखाद्या मुलाला अनावर राग आला, त्याने दुसऱ्याला मारले, बाके उलटली, तर बाकीच्या मुलांच्या घरी कळलेच पाहिजे. पण त्या मुलाच्या नावाची दवंडी पिटता कामा नये. कदाचित त्यालाच मदतीची सर्वात जास्त गरज असेल.

म्हणून चांगल्या निरोपात चार-पाचच गोष्टी लागतात. काय घडले आणि केव्हा. मुले आता सुरक्षित आहेत का. शाळेने काय केले. काय अजून कळायचे आहे. आणि कोणाला, कोणत्या वेळी, कोणत्या फोनवर विचारायचे. नाव नको, निकाल नको, सारवासारव नको. ज्या मुलाला इजा झाली त्याच्या घरी मात्र असा संदेश चालणार नाही. तिथे फोन हवा, शक्य तर माणूस हवा आणि तो त्याच दिवशी हवा.

जपानमध्ये ‘रेन्राकुचो’ नावाची एक साधी वही असते. मुलाच्या दप्तरात ती रोज घर ते शाळा फिरते. शिक्षक त्यात लिहितात, आई-वडील त्याखाली उत्तर लिहितात. तिचा गुण असा की ती रोजची आहे. रोज साध्या गोष्टी सांगणाऱ्या शाळेने एखाद्या दिवशी वाईट बातमी सांगितली, तर घर तिच्यावर विश्वास ठेवते. फक्त तक्रारीसाठीच दार वाजवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

मेळाव्याच्या निमित्ताने

आपण माजी विद्यार्थी मेळाव्याला जमतो, गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो आणि शाळेला काहीतरी भेट देतो. कोणी वॉटर कूलर देते, कोणी ध्वनिक्षेपक, कोणी डिजिटल फळा. ते द्यावेच. पण या वेळी जोडीला शाळेला दोन-तीन प्रश्नही विचारावेत, अशी विनंती आहे. वर्गात काही घडले तर त्याची नोंद करायची वही आहे का? घरी कळवण्याची जबाबदारी कोणत्या एका व्यक्तीची आहे? तक्रारपेटी शेवटची कधी उघडली? १०९८ हा क्रमांक मुलांना दिसेल अशा जागी लिहिला आहे का? आपल्यातले जे वकील, डॉक्टर, पोलीस, समुपदेशक आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला दिला, तर मुख्याध्यापकांना कठीण प्रसंगी एकटे वाटणार नाही. खरे बोलणाऱ्या शाळेच्या पाठीशी तिचे माजी विद्यार्थी उभे आहेत, हे गावाला दिसले, तर खरे बोलण्याची किंमतही कमी होईल.

आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे आज कुठल्या ना कुठल्या शाळेत जातात. घरी आल्यावर त्यांना ‘किती मार्क मिळाले’ हे आपण विचारतोच. त्याआधी ‘आज वर्गात काय काय झाले’ हे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. आजवरचा अनुभव सांगतो, की शाळेतली सर्वात महत्त्वाची बातमी घरी बहुधा त्यांच्याच तोंडून आली आहे.